आभाळाचा एक्स-रे काढणारी सुमन

इथं जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

येडगावची मंडळी तर आहेतच. वारूळवाडीहून, ओतूरहून पाहुणे आलेत. मुंबईहून सुमनच्या प्रयोगशाळेतली माणसं कुकडीच्या या काठावर येऊन आपल्यात बसलीत. महाराजांचं प्रवचन झालं. वडीलधारी मंडळी बोलली. ऊन चढलंय, मांडव पुरत नाहीये, कडेला बसलेल्यांच्या पाठीवर ऊन आलंय. हे सगळं मला दिसतंय. तरीही थोडा वेळ मागते.

दशक्रियेच्या माईकपुढं बाई सहसा उभी राहत नाही. बबनभाऊंनी, म्हणजे सुमनच्या भावानं, मघाशी माझं नाव घेतलं तेव्हा पुढं बसलेल्या काही पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. बघू द्या. त्याचं मला काही वाटलं नाही. मला बोलायला जड जातंय ते वेगळ्याच कारणानं. बाकीच्यांनी सुमनला श्रद्धांजली वाहिली. मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. आणि प्रश्न विचारणारी समोरच बसलीये.

हौसामावशी. सुमनची आई.

मावशी, पदर जरा मागं घ्या. मला तुमचा चेहरा दिसू द्या. हां. आता बरं वाटतंय.

मंडळी, मी वारूळवाडीची. सुमन आणि मी नारायणगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं ती भौतिकशास्त्राकडं गेली आणि मी गोष्टी लिहायला लागले. ती मुंबईला राहिली, मी इथंच राहिले. पण सुट्टीला आली की घरी पिशवी टाकून पहिली चक्कर माझ्याकडं. दिवाळीच्या सुमारास तिचं दुखणं कळलं. आंब्याचा मोहर झडून कैऱ्या धरल्या, तोवर ती गेली. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नाही तिनं.

गेल्या आठवड्यात मी मावशींजवळ ओसरीवर बसले होते. भेटायला बायका येत होत्या, रडत होत्या, जात होत्या. त्यातली एक बाई, नाव घेत नाही, वाईट नाहीये ती, बोलून गेली. "एवढी शिकली, पर संसार न्हाई केला. पोर न्हाई, बाळ न्हाई. मागं काय ऱ्हायलं सांगा बरं?" असं म्हणून तिनं डोळे पुसले, चहा घेतला आणि गेली.

ती गेली. प्रश्न मात्र ओसरीवरच बसून राहिला.

मावशींनी तिची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग मला म्हणाल्या, "विजे, तिला शिकाया मी धाडली व्हती. तिचा बाप न्हाई म्हणत व्हता. मी तिचं जिणं वाया घालवलं का गं?"

मंडळी, या प्रश्नामागची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे. नव्यांना सांगते. सुमनचे वडील मेंढरं घेऊन दर हिवाळ्यात घाटाखाली कोकणात उतरायचे. सुमन मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा त्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं. ते कळपामागं खाली उतरले, आणि त्यांच्या मागं मावशींनी कपड्यांची पिशवी भरून सुमनला पुण्याच्या एस.टी.त बसवलं. कॉलेजचं वर्ष सुरू होऊन गेलं होतं, तरी प्रवेशाची आणि वसतिगृहाची सोय आमच्या शाळेतल्या बाईंनी करून दिली होती. वडील परत आले, त्यांना कळलं, आणि तो सगळा उन्हाळा ते मावशींशी बोलले नाहीत. भाकरी मागायची ती पण बबनभाऊंच्या तोंडून. "आयला म्हणावं, वाढ." मावशी समोरच. एवढं सोसून या बाईनं लेकीला धाडलं.

आता ती विचारते, मी तिचं जिणं वाया घालवलं का?

मी आपलं सांगायला लागले. नाही हो मावशी, सुमननं किती मोठं संशोधन केलं, किती नाव कमावलं. त्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "ते पेपरात येतं तसं नगं. तिनं काय केलं ते सांग. मला कळंल असं सांग. आन् मोठं करून सांगू नगंस. व्हतं तेवढंच सांग."

मला त्यावेळी सांगता आलं नाही. मी म्हटलं, दहाव्याला सांगते. सगळ्यांसमोर सांगते.

तर मावशी, आता सांगते. मोठं करून सांगणार नाही. काल मी सुमनच्या हाताखाली शिकणाऱ्या मंगलजवळ बसून सगळं पुन्हा विचारून घेतलंय. मंगल, हात वर कर गं. ही बघा, खांबाजवळ. मी कुठं चुकले तर तिनं मला इथंच टोकायचं, असं आमचं ठरलंय.

सुमन काय करत होती? ती आभाळातून येणारे एक्स-रे बघत होती.

आपल्याला एक्स-रे म्हणजे दवाखाना. हात मोडला, छातीत कफ झाला, की काळ्या कचकड्यावर पांढरी हाडं. म्हणून सुमन पहिल्यांदा गावात म्हणाली, "मी ताऱ्यांच्या एक्स-रेचं काम करते," तेव्हा काय झालं? गावानं ती एक्स-रेची डॉक्टरीण आहे असं धरलं. आणि एकदा धरलं ते धरलं. ती सुट्टीला आली की सकाळपासून ओसरीवर रांग. कुणाच्या हातात नारायणगावच्या दवाखान्याचं पाकीट, कुणाच्या हातात जुन्नरचं. मागं हसू येतंय ना? हसा. तुमच्यातलेच होते सगळे.

आमचे एक आबा होते, गेले आता. ते गुडघ्याचा फोटो घेऊन आले. सुमन म्हणाली, "आबा, मी हाडांची न्हाई, आभाळाची हाय."

आबा म्हणाले, "आभाळाला काय झालंय?"

"काही झालं न्हाई."

"मंग ते सोड की. ते पडून ऱ्हाईल. माझा गुडघा बघ."

दुसरी कुणी असती तर हात जोडून सुटका करून घेतली असती. सुमननं तो फोटो उजेडाकडं धरला. म्हणाली, "आबा, हाडाचं औषध मला येत नाही, ते डॉक्टरच देतील. पण ह्यात हे पांढरं दिसतंय ना, ते काय आहे ते मी सांगते." आणि तिनं जे सांगितलं ते मी पुढं सांगणार आहे. आधी आभाळाचं सांगते.

दवाखान्यात काय होतं? यंत्रातून किरण सोडतात, ते आपल्या अंगातून आरपार जातात. आभाळात तसं यंत्र नाही. तिथं जे काही प्रचंड तापलेलं असतं, लाखो अंश, कोटी अंश, ते स्वतःच हे किरण सोडतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. आणि जमिनीवर ते पोचतही नाहीत. वर हवा आहे ना, ती अडवते. अडवते म्हणून आपण जिवंत आहोत. पण ज्याला ते बघायचेत, त्यानं करायचं काय? हवेच्या वर जायचं.

खोडदच्या बाजूला त्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या, तेव्हा बबनभाऊ सुमनला म्हणाले होते, "अगं, दारात आणून ठेवलंय की समदं. मुंबई सोड, सायकलवर जाशील कामाला." ती हसली होती. तिनं समजावलं, त्या तबकड्या रेडिओच्या लहरी टिपतात, त्या लहरी जमिनीपर्यंत येतात. आमचे किरण येत नाहीत. एकाच आभाळातून दोघं येतात, पण एक दारापर्यंत येतो आणि एकाला आणायला वेशीबाहेर जावं लागतं. ते आणायला जायचं काम सुमननं घेतलं होतं.

त्यासाठी ती पेट्या बनवायची. मावशी, नीट ऐका, हे तुमच्या लेकीच्या हातचं काम. धातूची पेटी. आत खास वायू भरलेला. त्यात केसासारख्या बारीक तारा ताणलेल्या. आभाळातला किरण आत शिरला की वायूत जरा खळबळ होते आणि तारेला ते कळतं. बस, एवढंच. पण तो वायू शुद्ध हवा. जरा कुठं गळती असली की पेटी आंधळी. सुमन त्या पेटीजवळ बसून असायची. तपासायची, पुन्हा तपासायची. मंगल सांगत होती, सगळे कंटाळून उठायचे आणि मॅडम म्हणायच्या, "तुम्ही जेवून या, मी आहे." व्यायला आलेल्या मेंढीजवळ मावशी बसायच्या, तेव्हा त्यांना कुणी उठवू शकत नसे. लेकीनं ते कुठून घेतलं असेल?

नव्वदच्या दशकात तशा काही पेट्या आपल्या देशाच्या उपग्रहावर बसून वर गेल्या. लहानशाच होत्या. त्यांत सुमनच्या हातचं काम होतं. ती घरी आली, चुलीजवळ बसली आणि म्हणाली, "आई, माझी पेटी वर गेली."

मावशी म्हणाल्या, "परत कवा येनार?"

"परत येत नाही गं ती."

"मंग आनाया कोन जानार? अशी एकली सोडून आलीस तिला?"

सुमन मला सांगताना लोटपोट व्हायची. म्हणायची, "आमच्या संस्थेत कुणाला वाईट वाटलं नाही. आईला तेवढं पेटीबद्दल वाईट वाटलं."

त्या पेट्यांनी काय बघितलं? एक जोडी बघितली. आभाळात पुष्कळ तारे जोडीनं असतात. या जोडीतला एक मरून गेलेला, आणि मरताना इतका आत कोसळलेला, की त्याच्यापासून उजेडसुद्धा सुटत नाही. कृष्णविवर म्हणतात त्याला. दुसरा तारा अजून जिवंत. मेलेला जिवंताच्या अंगचा वायू ओढून घेतो. तो वायू गोल गोल फिरत आत पडतो, पडता पडता तापतो, आणि तापला की एक्स-रे सोडतो. सुमनच्या गटाला दिसलं, की तो उजेड सावकाश वाढतो आणि एकदम खाली येतो. पुन्हा वाढतो, पुन्हा एकदम खाली. एकदम खाली का? त्यांनी अर्थ लावला, की वायू जिथून परत येता येत नाही त्या उंबऱ्याच्या आत गेला असावा. कृष्णविवर दिसत नाही. त्यात काय पडतंय ते मात्र कळतं.

काय मावशी? मोठ्यानं बोला. थांबा मंडळी, मावशी काहीतरी म्हणतायत.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगते. मावशी म्हणतायत, "तेल तापलंय का न्हाई, ते कढईत बघून कळत न्हाई. मोहरी टाकली की कळतं."

मंगल? बरोबर आहे का? ती हसतेय. म्हणतेय, जवळजवळ तेच.

जवळजवळ तेच, मावशी. तुमच्या लेकीनं मोहरी तडतडताना बघितली. इतक्या लांबची, की तो उजेड निघाला तेव्हा येडगाव नव्हतं, जुन्नर नव्हतं, शिवनेरीवर किल्लाही नव्हता.

आता जे सांगते ते सुमननं शोधलेलं नाही. मोठं करून सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून आधीच सांगते. नव्वदचं दशक संपता संपता परदेशातल्या लोकांनी एक्स-रेच्या मोठ्या दुर्बिणी अवकाशात सोडल्या. एक्स-रेला आपला नेहमीचा आरसा चालत नाही, किरण सरळ त्यात घुसतात. मग त्यांनी काय केलं? आरसे जवळजवळ आडवे धरले, म्हणजे किरण नुसता घासून पुढं जाईल. सुमननं मला हे धरणाच्या काठावर उभं राहून दाखवलं होतं. चपटा दगड घेतला आणि तिरपा भिरकावला. पाण्यावरून टप्पे घेत गेला. मग एक सरळ वरून टाकला. डुबुक. म्हणाली, "कळलं?" मला कळलं. चाळिशीला आलेल्या दोन बाया दगड मारतायत म्हणून पाणी भरायला आलेला एक पाहुणा म्हणाला, "काय राव, मासे हाकलताय व्हय?"

त्या दुर्बिणींतून एकेक नवल बाहेर येऊ लागलं. प्रत्येक वेळी सुमन मला फोन करायची. आवाजच सांगायचा. तिनं लावलेला शोध नाही, आणि आनंद मात्र घरात बारसं असल्यासारखा. मी एकदा म्हटलं, "अगं, तुझं काय त्यात?" ती म्हणाली, "आभाळ काय वाटून घेतलंय का आम्ही?"

एक सांगते. आम्ही दोघी जन्मलो त्या सुमारास लोकांनी अग्निबाणावर यंत्र ठेवून वर पाठवलं होतं. तेव्हा त्यांना सूर्याच्या पलीकडून येणारे एक्स-रे पहिल्यांदा सापडले. आणि आणखी एक सापडलं. सगळ्या आभाळभर एक मंद उजेड पसरलेला. तो कशाचा, हे त्यानंतर कित्येक वर्षं नीट कळलं नाही. नव्या दुर्बिणींनी जवळून बघितलं, तर तो उजेड पसरट नव्हताच, बहुतेक सगळा सुट्या ठिपक्यांचा होता. लांबून नारायणगावचा नुसता उजेड दिसतो, जवळ गेलं की घराघरातला दिवा वेगळा होतो, तसं. आणि तो एकेक ठिपका म्हणजे बहुतेक एकेक दूरची आकाशगंगा, जिच्या पोटात मोठं कृष्णविवर बसलंय. म्हणजे जे धुकं वाटत होतं, ती वस्ती होती.

दुसरं सांगते. आकाशगंगांचे थवे असतात. एका थव्यात शेकडो आकाशगंगा. त्यांच्या मधली जागा साध्या दुर्बिणीतून बघितली तर काळीकुट्ट, रिकामी. एक्स-रेनं बघितली तर ती जागा तापलेल्या वायूनं गच्च झळाळते. आणि त्या वायूचं वजन, मंडळी, त्या थव्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा जास्त भरतं. जे दिसत होतं ते थोडं. जे मधे होतं, ज्याला आपण काहीच नाही म्हणत होतो, ते जास्त.

मी हे ऐकलं तेव्हा नुसतं "अरे वा" म्हटलं होतं. गेल्या आठवड्यात ओसरीवर "मागं काय ऱ्हायलं" हे शब्द ऐकले, तेव्हा मला ते आठवलं.

आता आबांच्या गुडघ्याकडं येते.

सुमननं फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "आबा, हे पांढरं दिसतंय ना, त्यात कॅल्शियम असतं. दुधात असतं, नाचणीत असतं. पण दुधात कुठून आलं? गवतातून. गवतात? मातीतून. आणि मातीत कुठून आलं?" आबा म्हणाले, "देवानं घातलं." सुमन म्हणाली, "बरं, देवानं. पण त्यानं कुठं रांधलं ते मी बघितलंय."

हे खरं होतं. तारा जन्मभर आपल्या पोटात असलं काय काय रांधत असतो. मोठा तारा शेवटी फुटतो. फुटला की ते सगळं उधळलं जातं, आणि उधळलेलं ते कोट्यवधी अंशांनी तापून एक्स-रेमध्ये चमकत राहतं, शेकडो वर्षं, हजारो वर्षं. नव्या दुर्बिणींनी त्या उधळलेल्या राखेचे फोटो घेतले आणि त्यात काय काय आहे ते वेगवेगळं काढून दाखवलं. इथं लोखंड आहे. इथं गंधक. इथं सिलिकॉन, म्हणजे आपल्या वाळूत असतं ते. आणि इथं कॅल्शियम. आपल्या हाडात आहे तेच. त्याच जातीचं. आपला सूर्य झाला, आपली पृथ्वी झाली, ती असल्याच जुन्या, फुटून गेलेल्या ताऱ्यांच्या राखेतून.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे हाड ताऱ्याचं हाय."

"हो आबा."

"मंग दुखतंय ते माझं का ताऱ्याचं?"

 त्या दिवशी सुमन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "विजे, गावानं चूक केली असं मी समजत होते. मला हाडाची डॉक्टर समजले म्हणून मी हसत होते. आता बघ, ते हाडाचा फोटो घेऊन माझ्याकडं आले ते फार काही चुकले नाहीत. किरण तेच. हाडातलं द्रव्य तेच. नुसतं अंतर वेगळं." त्यानंतर ओसरीवरच्या कुठल्याही माणसाला तिनं परत पाठवलं नाही. प्रत्येकाला आधी डॉक्टरकडं जायला सांगायची, आणि मग फोटो उजेडाकडं धरून ताऱ्याची गोष्ट सांगायची. या मांडवात कितीतरी माणसं असतील, ज्यांनी आपल्याच हाडातून ती गोष्ट ऐकलीये. होय ना? हात नका वर करू, मान हलवा फक्त.

बघा मावशी. जरा मागं वळून बघा. किती माना हलल्या.

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा तिचेही फोटो निघत होते. मी जवळ होते. तिनं एक हातात घेतला, सवयीनं उजेडाकडं धरला. मला रडू आलं. ती म्हणाली, "रडतेस काय? तारा झाली, तारा झाली असं काही म्हणू नका माझ्या मागं. तारे मरतात, मला माहितीये. मी इथलीच राहीन. मातीत. तिथून पुढं गवतात. रस्ता ठरलेला आहे."

म्हणून, मंडळी, ती तारा झाली असं मी म्हणणार नाही. तिनंच नको म्हटलंय.

आता मावशींच्या प्रश्नाला सरळ उत्तर. सुमननं एकटीनं आभाळ शोधलं का? नाही. या कामात कुणीच एकटं काही शोधत नाही. पुष्कळ हात लागतात, तिचे दोन होते. मंगलला मी विचारलं, फक्त तिचं असं काय? मंगल म्हणाली, मॅडमनी तपासलेल्या पेटीवर कुणी शंका घेत नसे. त्या पेटीनं सांगितलं की तिथं उजेड वाढला, तर उजेड वाढला. बाकीच्यांनी त्या भरवशावर पुढचा विचार केला. एवढंच तिचं. भरवसा.

आणि तिचं काम अर्धं आहे. आपल्या देशाचा नवा उपग्रह बनतोय, नुसता आभाळ बघायला. त्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या पेट्या बसणार आहेत. त्यांचं काम सुमन करत होती. अर्ध्यात ठेवून गेली. पण अर्ध्यात थांबलेलं नाही ते. ती गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिच्या जागी कुणीतरी त्या पेटीजवळ बसलं. तिथं बसली ती मुलगी आज आपल्यात खांबाजवळ उभी आहे.

मावशी, वाया गेलं नाही. मला माझ्या मनानं गोड बोलायचं असतं तर ते ओसरीवरच बोलले असते. सगळं विचारून, तपासून सांगतेय. वाया गेलं नाही.

काय मावशी? उठताय का? बबनभाऊ, हात द्या त्यांना. नको? बरं, बसूनच बोला.

मंगल, इकडं ये गं. मावशी तुला बोलावतायत. चपला राहू दे, ये तशीच.

मंडळी, मावशींना माईक नकोय. त्या बोलतायत ते मीच सांगते, जसंच्या तसं.

मावशी विचारतायत, "ती पेटी वर कवा जानार?"

मंगल म्हणतेय, सांगता येत नाही आजी, अजून काही वर्षं लागतील.

मावशी म्हणतायत, "लागू दे. जाईल तवा मला सांगाया ये. मी हाय."

...

थोडं थांबते. मलाच जरा पाणी द्या.

मावशी आता तिचा हात धरून बसल्यात. विचारतायत, "कुठली गं तू?"

बीडकडची आहे ती.

"एवढ्या लांब शिकाया तुला कुनी धाडली?"

मंगल म्हणतेय, आईनं.

मावशी म्हणतायत, "लई बरं केलं तिनं."

मंडळी, माझं बोलणं इथंच संपलं. यापुढं मला काही सांगायचं नाही.

सगळ्यांना विनंती करते, जागेवर उभे राहू या. मावशी, तुम्ही बसूनच राहा, मंगल, तूही त्यांच्याजवळच बस. डोळे मिटायचे त्यांनी मिटा. ज्यांना वर बघावंसं वाटतं त्यांनी वर बघा. दुपारचं आभाळ आहे, काही दिसणार नाही. तरी बघा.

सुमन, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

आता थोडा वेळ शांत राहू या.